मापाचा शर्ट

प्रिय टाचणी,

हे पत्र तुला जॅकेटच्या आतल्या खिशात सापडलं असेल. नवा कपडा हातात आला की आधी त्याचे सगळे खिसे चाचपायची तुझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम तिथेच ठेवलं. आणि आतली शिवण बघितलीस तेव्हाच ते कोणी शिवलंय हेही तू ओळखलं असशील. ज्याने ते तुला दिलं, त्या बिचाऱ्याला मात्र अजून काहीच पत्ता नाही. त्याच्यावर डोळे वटारू नकोस. त्याची चूक एवढीच, की तू ज्या दुकानाचं कौतुक केलंस त्याच दुकानात तो नेमका आला.

झालं असं, की मागच्या महिन्यात एका दुपारी आमचे हे रेडिओ लावून एक जुनी जीन्स उसवत बसले होते. तू येईनाशी झाल्यापासून उसवायचं खातं त्यांच्याकडे आलंय. कामापेक्षा कुरकुर जास्त, पण बसतात. तेवढ्यात एक उंच, चष्मेवाला माणूस पिशवी घेऊन आला. पिशवीत त्याच्या स्वतःच्या जुन्या जीन्स. म्हणाला, होणाऱ्या बायकोसाठी यांचं जॅकेट करून हवंय, तिला कळू न देता. मी म्हटलं, अहो, पण माप? त्यावर त्याने मोठ्या हुशारीने पिशवीच्या तळातून, कागदात गुंडाळलेला मापाचा शर्ट काढला. तुझ्या कपाटातून लपवून आणलेला. मी तो टेबलावर पसरला आणि माझा हात तिथेच थांबला. पिवळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण, डावा खांदा बोटभर उतरता आणि खालचं शेवटचं काज आडवं. शेवटचं काज आडवं करायची खोड माझी, आणि तो खांदा तुझा. जिने शिवला तिच्याचकडे मापाला घेऊन आला होता गं तो तुझा शर्ट! ह्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि "अरे, हा तर आपल्या..." म्हणून तोंड उघडलं, तशी मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. ते दिवसभर लंगडण्याचं नाटक करत होते.

खरं सांगू? आधी मला आनंद झाला, मग राग आला, मग रडू आलं. हे सगळं त्या माणसाला जॅकेटची लांबी विचारता विचारता. तो म्हणाला, शर्ट जपून ठेवा, तिचा फार जीव आहे त्याच्यावर. मी म्हटलं, ठेवते हो. आणखी काय म्हणणार होते? तुझं आधी लग्न झालेलं त्याला माहीत आहे, हे त्याच्या बोलण्यातून कळलं. फक्त त्या घरातली सासू म्हणजे त्याच्यासमोर टेप घेऊन उभी असलेली ही बाई, हे तू त्याला सांगितलं नव्हतंस. का नाही सांगितलंस, ते मी समजू शकते.

तुला आठवतं का, या जीन्सच्या उद्योगाला सुरुवात तूच केलीस. मी आपली गणवेश शिवणारी बाई. तू लग्न होऊन आलीस आणि आमच्या चिरंजीवांच्या फाटक्या पँटी मी पोतेऱ्याला टाकणार, तर तू माझ्या हातातून ओढून घेतल्यास. "आई, गुडघे गेलेत, पण पोटऱ्यांचं कापड बघा, कोरं आहे." त्या दिवशी आपण दोघींनी मिळून पहिली पँट उसवली. मागचा खिसा काढल्यावर त्याच्याखाली न विटलेला गर्द निळा चौकोन निघाला, तेव्हा तू टाळ्या पिटल्या होत्यास, आणि मीही तुझ्यासारखीच वेडी झाले. मग माझ्या मशीनच्या सुया मोडू लागल्या. जिथे चार पदर एकत्र येतात ती शिवण हातोडीने ठोकून बसवायची, हे आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं, तुझ्याच डोक्यातून निघालं. तू ठोकायचीस, मी सुईखाली सरकवायची. शेजारणीला वाटलं, सासू-सुनेचं जुंपलंय! ती समजूत घालायला आली आणि जाताना नवऱ्याच्या जुन्या पँटींचं गाठोडं देऊन गेली. तोंडात टाचण्या धरून तू तिच्याशी बोलत होतीस, तेव्हापासून ह्यांनी तुझं नाव टाचणी ठेवलं. बारीकही होतीसच, आणि टोचरीही.

तुमचं दोघांचं पटलं नाही, त्यावर मी कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही. तो माझा पोटचा आहे, त्याच्याविषयी मला वाईट बोलवत नाही. आणि तुझ्याविषयी वाईट बोलण्यासारखं मला काही सापडत नाही. घटस्फोट झाल्यावरही तू रोज कामाला येत राहिलीस, तेव्हा लोक काय वाटेल ते म्हणाले. मला मात्र वाटलं, सुटलो, निदान हे तरी आपल्याकडे राहिलं. मग लेक त्याच्या नव्या बायकोला घेऊन घरी आला आणि त्याच आठवड्यापासून तू यायची बंद झालीस. फोन केला की कामात आहे म्हणायचीस. एकदा तर मला "काकू" म्हणालीस. त्या दिवशी मी जेवले नाही, ह्यांना विचार. नवी सून चांगली आहे गं, प्रेमळ आहे, फक्त कात्रीचा आवाज झाला की दचकते. तिची तिला जागा आहे. तुझी जागा मी कोणाला दिलेली नाही, आणि तुला कायमचं गमावायचं मला अजिबात मान्य नाही. हे तुला कसं सांगावं, याच विचारात मी इतके दिवस काढले.

तुझ्याशिवाय इकडे काय गोंधळ चाललाय ते ऐक. नुसती दुरुस्ती असेल त्या पँटच्या बेल्ट ओवायच्या पट्टीत पांढरा दोरा बांधायचा, आणि कापायच्या पँटीला काही बांधायचं नाही, ही तुझी पद्धत. ह्यांनी एक दिवस रेडिओच्या नादात दोरा बांधलाच नाही. शेजारचा वायरमन चेन बदलायला पँट देऊन गेला होता. मी बघितलं तर काय सुंदर विटलेली! मांड्यांवर पांढरट, खाली निळी. असलं कापड शोधून मिळत नाही. मी त्याचं बिनबाह्यांचं जाकीट करून टाकलं. तो पँट न्यायला आला आणि मी त्याच्या हातात जाकीट ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं. मग घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, पक्कड ठेवायला इथे एक खिसा कराल का? आता तेच घालून शिडीवर चढतो. पण सगळे त्याच्यासारखे नसतात. तू असतीस तर हे झालं नसतं.

आता तुझ्या माणसाविषयी. मी त्याला चांगला पारखून घेतलाय, तुला आवडो न आवडो. चष्म्याच्या दुकानात काम करतो, हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं. कारण बोलता बोलता त्याचं लक्ष माझ्या चष्म्याकडे जात होतं. शेवटी न राहवून म्हणाला, जरा देता का? काडी वाकडी झालीये, कानाला टोचत असेल. टोचत होतीच, कधीपासून. ह्या घरातल्या कोणाला ते दिसलं नाही. त्याने ती हलकेच सरळ केली, काचा रुमालाने पुसल्या आणि चष्मा स्वतः माझ्या डोळ्यांवर बसवला. बस, मला तेवढं पुरे झालं. थोडा बावळट आहे, पण तो गुण समज. बाईच्या कपाटातून तिला न कळता शर्ट काढून आणणं सोपं नाही, तेही तुझ्या कपाटातून.

जॅकेट मी जीव ओतून केलंय. त्याच्या एका जीन्सचे गुडघे पार गेलेले, ते टाकले. पाठीला पोटऱ्यांचं कापड लावलंय, एका छटेचं मिळेपर्यंत मी सगळे पाय जमिनीवर अंथरून वर-खाली करत होते. कॉलरला खिशाखालचा गर्द निळा तुकडा आहे. बाह्यांच्या टोकांना पँटीची मूळची खालची किनार तशीच ठेवलीय, धुऊन धुऊन तिला आलेली पिळाची नक्षी मला मोडवेना. बाहीच्या आत गुळगुळीत अस्तर आहे, म्हणजे स्वेटरवर घालताना अडकणार नाही. डाव्या खांद्यात आतून पातळ गादी घातलीय, दोन्ही खांदे सारखे दिसतील. शिवण ठोकायला मात्र ह्यांना बसवलं. दोनदा स्वतःच्या बोटावर मारून घेतलं त्यांनी, आणि दोन्ही वेळा तुझी आठवण काढली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. बटणं पसंत करायला तो परत आला होता. मी सहज विचारलं, लग्न कुठे? म्हणाला, साधंच आहे, नोंदणी कार्यालयात सह्या करायच्या. माझे आई-वडील, बहीण येतील. तिच्याकडून कोणी नाही, तिचं तसं कोणीच नाही. अगदी मायेने बोलला गं तो, पण मी मान खाली घालून बटणांच्या डब्यात उगाच हात फिरवत राहिले. तुझी आई लवकर गेली, वडील तुला आठवतही नाहीत, वाढवणारा मामाही राहिला नाही, हे सगळं खरं. पण तुझं कोणीच नाही, हे मी ऐकून घेणार नाही. कोर्टाने तुझं आणि माझ्या लेकाचं नातं सोडवलं. तुझं-माझं सोडवायला मी कुठे सही केली होती? तुला अवघड वाटणार असेल, त्याच्या घरच्यांपुढे संकोच होणार असेल, तर तसं मोकळेपणी कळव. मी रडेन, पण रागावणार नाही. पण मनातून हवं असेल, तर त्याला आज सांग की जॅकेट कोणी शिवलं, आणि मला तारीख कळव. ह्यांनी कोट काढून उन्हात टाकलाय, मी नव्या चपला आणल्यात. आम्ही दोघं येणार, मुलीकडचे म्हणून येणार, आणि तुझ्या बाजूने साक्षीदाराची सही मी करणार. तिथल्या साहेबांनी विचारलंच, की ही तुमची कोण, तर काय सांगायचं ते माझं ठरलंय. लेक आहे म्हणेन.

तुझीच,
आई