लाल रबराची चकती

प्रिय ठकू,

आधी उठून दाराची आतली कडी लावली आहेस का ते बघ. वरची आणि खालची, दोन्ही. मग बसून हे वाच. तीन दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. तुझ्या जागी मीही उचलला नसता. पण हे तुला आजच्या आज कळायला हवं, आणि तोंडाने सांगायला गेलो तर मी पुन्हा गुळमुळीत काहीतरी बोलून मोकळा होईन. अक्षर वेडंवाकडं येतंय ते म्हातारपणामुळे नाही. मी घाबरलोय, ठकू.

माझं कुलपांचं वेड तुझ्या डोळ्यांदेखतच वाढलं. तुझी आई म्हणायची, लोक रविवारी झोपा काढतात, आमचे हे भंगारवाल्याकडे जातात. जुनी कुलपं आणायची, टेबलावर पकडीत आवळायची आणि त्यांच्या किल्लीशिवाय उघडायची. त्यातली माझी सगळ्यात लाडकी ती ठोक्याची किल्ली. कुलपात घालून तिला हलका ठोका दिला की नशिबात असेल तर कुलूप उघडतं. पण दर ठोक्याला किल्ली कुलपाच्या तोंडावर आपटते आणि पितळेला खड्डा पडतो. चाळीस वर्षं मापाची नाजूक उपकरणं दुरुस्त केलेल्या माणसाला ते बघवत नसे. आईची गरम पाण्याची लाल पिशवी गळायला लागली, तेव्हा तिच्या रबराच्या चकत्या कापून मी किल्ल्यांच्या मानेत बसवायला लागलो. दोन वर्षांच्या खटपटीनंतर अशी एक किल्ली जमली की शंभरदा उघडलं तरी कुलपावर ओरखडा नाही. मी भिंग घेऊन घरभर नाचलो. तुझी आई म्हणाली, कुलपांची एवढी काळजी, कधी माझ्या गुडघ्यांचीही करा.

आमच्या छंदाचा नियम तू लहानपणी पाठ म्हणून दाखवायचीस: दुसऱ्याचं कुलूप उघडायचं नाही, दारावरचं तर मुळीच नाही. तुझ्या नवऱ्यालाही मी हाच नियम पहिल्या दिवशी सांगितला होता. आई गेल्यावर रविवारी माझ्या टेबलाशी बसणारा तो एकटाच होता. तू पेपर वाचत बसायचीस आणि आम्हाला हसायचीस. तो मात्र प्रश्न विचारायचा, किल्ली हातात घेऊन बघायचा, आणि मी खुळा फुशारून जायचो. त्याने तुझा फोन तपासणं, कामावरून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर दारात उभं राहणं, हे तू मला सांगायचीस तेव्हा मी म्हणायचो, काळजी करतो बिचारा. माझ्याशी इतकं गोड वागणारा माणूस तुझ्याशी असा वागत असेल, हे मला पटवूनच घ्यायचं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी तू त्याला सोडून या खोलीत आलीस, तेव्हा दाराला कुलूप मीच बसवून दिलं. बाजारात पन्नास प्रकार असताना मी तेच घेतलं ज्यावर माझा हात बसला होता, ज्याचा पुर्जा न् पुर्जा मला ठाऊक होता. तुला म्हणालो, आता निर्धास्त झोप. मग तुझे फोन सुरू झाले. तू कामावर असताना कपबशी विसळून पालथी घातलेली. खुर्ची खिडकीपासून उचलून पलंगाच्या उशाशी आणून ठेवलेली. पोलीस आले, कुलूपवाला आला. दोघांनीही बॅटरी मारून कुलूप बघितलं आणि म्हणाले, ओरखडासुद्धा नाही, कुणी आलेलंच नाही. आणि मी, तुझा बाप, मी म्हणालो की एकटं राहिल्यावर मन असे खेळ करतं.

पंधरा दिवसांपूर्वी तू कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन माझ्याकडे आलीस. उंबऱ्यापाशी सापडलं म्हणालीस. आठवतंय मी काय म्हणालो? नळाचा वायसर असेल. तू म्हणालीस, नळाचा वायसर लाल असतो का, बाबा? मी चहा ठेवायला आत गेलो. ठकू, मी ती चकती पुडी उघडताक्षणीच ओळखली होती. आईच्या पिशवीचं रबर मी ओळखणार नाही? माझ्या कात्रीचा तिरका काप ओळखणार नाही? ती चकती बसवलेली किल्ली मी तुझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला माझ्या हाताने दिली होती, डबीत कापूस घालून. हे बोललो तर पोलीस मला विचारतील, तू मला विचारशील, लोक म्हणतील की बापानेच चोराच्या हातात किल्ली दिली. म्हणून पंधरा दिवस गप्प बसलो. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा. गुरुवारी तू कडी न घालता, नुसतं कुलूप लावून आंघोळीला गेलेली असताना बाहेर चालू असलेला रेडिओ कुणीतरी बंद केला. हे तू मला सांगितलंच नाहीस, आत्याला सांगितलंस. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी खणातून ती पुडी बाहेर काढली.

आज सकाळी पोलीस चौकीत गेलो. चकती, माझी कात्री, उरलेली पिशवी, सगळं टेबलावर ठेवलं आणि जबाब लिहून दिला. ते त्याला शोधताहेत, अजून सापडलेला नाही. आता मी तुझ्या जिन्यात बसलोय, दारापासून तीन पायऱ्या खाली, आणि हा कागद गुडघ्यावर ठेवून लिहितोय. शेजारी थैलीत नवं कुलूप आहे, वेगळ्या जातीचं, मला स्वतःला कधीच उघडता न आलेलं. मघाशी तुझ्या दाराशी उभा राहिलो आणि मनात आलं की हे दार मी मिनिटभरात उघडू शकतो. माझीच मला भीती वाटली. मी दार वाजवणार नाही. हा कागद दाराखालून आत सरकवेन आणि इथेच बसेन. तुला वाटलं तर उघड. नाही वाटलं तर उघडू नकोस, तरी मी इथेच आहे. फक्त जिन्यात पावलं वाजली तर आधी माझा खोकला ऐकू येतो का बघ. खोकला आला नाही, तर कडीला हात लावू नकोस.

तीन पायऱ्या खाली बसलेला,
तुझाच
बाबा