रविवारच्या सत्काराआधी

डिलाईल रोड,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय नलू,

अनेक आशीर्वाद. फणसवाडीत सगळे बरे असतील. तुझा गुडघा कसा आहे? वैभवला नोकरी लागल्याचं आमच्या रुपालीकडून कळलं. मामाला पेढा द्यायला विसरला लेकाचा, त्याला सांग.

इथे तात्यांच्या सत्काराची धांदल आहे. पाच वेळा आमदार झाले, आता पुरे म्हणाले. मानपत्र मीच लिहिलं. पंचवीस वर्षं त्यांची पत्रं लिहिली, हे दुसऱ्या कुणाला कसं देणार? नळ, शाळा, गिरणी कामगारांची घरं, सगळं घातलं. परवा त्यांना वाचून दाखवलं.

तात्यांनी तुला रविवारी मुद्दाम बोलावलंय. अकरा वर्षं तू त्यांचं तोंड पाहिलं नाहीस, हे त्यांना ठाऊक आहे. मानपत्र ऐकून ते म्हणाले, "शामराव, चाळीच्या गॅलरीच्या दुरुस्तीचो अर्ज माझ्याच टेबलार व्हतो. मी वाचूक नाय आणि नलूताईचो घोव गेलो. हार घालून घेवच्या आधी भर सभेत तिचे पाय धरतलंय."

नलू, मी भ्यालोय. दोन दिवसांत तुला तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला.

तो अर्ज तू माझ्या हातात दिला होतास. घरच्यांचे अर्ज मी नेहमी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायचो. कुणी म्हणू नये, शामराव आपल्या माणसांचं आधी करतो. त्याचा मला केवढा तोरा होता! तुझाही तळाशीच ठेवला. तीन आठवडे तिथेच राहिला. मग गॅलरी कोसळली, भावोजी गेले. मी ऑफिसात गेलो, कुणी नव्हतं, आणि तो अर्ज काढून तात्यांच्या टेबलावरच्या कागदांत सरकवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना तो सापडला. चूक आपलीच, असं त्यांनी धरलं. मी तोंड उघडलं नाही. तू त्यांना शिव्याशाप देत होतीस, तेव्हा मी शेजारी बसून तुला पाणी देत होतो.

रुपाली हे पत्र तुला देईल, तेव्हा मी खरं सांगायला तात्यांच्या दारात असेन, नाहीतर घाबरून जिन्यावरूनच परतलेला असेन. माझा भरवसा मलाच नाही. म्हणून रविवारी तू ये. तो म्हातारा माणूस तुझ्यापुढे वाकायला लागला, तर त्याला धर आणि माझ्याकडे बोट दाखव. मी मानपत्र घेऊन माईकपाशीच उभा असेन.

दादा म्हणून सही करायला हात धजत नाही,
शामराव