मेज धुतल्याचं पाणी

शनिवार, संध्याकाळ. वैशाख संपत आला. टँकर आजही नाही.

मेजावरचा शाईचा डाग पूर्ण निघाला. सागवानाची रेषान् रेषा दिसते आहे. हे मला कोणी शिकवलेलं नाही. ऑक्झॅलिक ॲसिड किती, पाणी किती कोमट, सगळं मीच चुकत चुकत ठरवलं. बाटलीवर ‘विष’ असं ठळक लिहिलं होतं. बादलीवर लिहिलं नाही.

दुपारी मेज धुतलं, उरलेलं ॲसिडही त्याच बादलीत ओतलं आणि जेवायला बसलो. हल्ली आमच्या पुंडलिकनगरात धुण्याचं पाणीसुद्धा कोणी फेकत नाही. बायकोनं, शोभानं, नेहमीसारखी बादली फाटकाबाहेर ठेवली, शेजारच्या बांधकामावर राखण करणाऱ्या कौसाबाईच्या शेळीसाठी.

शेळी मघाशी मेली.

“उन्हानं गेली वं वैनी,” कौसाबाई आमच्या पायरीवर रडत होती. करमाडकडचं गाव सोडताना तिनं तेवढी शेळीच सोबत आणली होती. शोभा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. शोभाला काहीच माहीत नाही. सांगितलं तर... बादली तिनंच ठेवली ना? न सांगितलं तर कळणार कुणाला? बादलीवर एक शब्द लिहायला काय झालं होतं मला?

कौसाबाईनं डोळे पुसले. “पिल्लू हाय अजून. त्येला तरी पाजत जा वैनी, तुमच्या बादलीतलं.”

मग मात्र मी बोललो. सगळं.

“म्हंजी उन्हानं नाय गेली?” कौसाबाईनं एवढंच विचारलं.

शोभा अजून पायरीवरच आहे. स्वतःच्या हातांकडं बघत बसली आहे.