पॉलिसी बाबांच्या नावावर

१८ जाने.
ग्लोरियाच्या मरोळच्या घरून संध्याकाळी मुलुंडला परत. दुसऱ्या गोळ्या काल तिच्याकडेच घेतल्या. दुखलं, पण डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तेवढंच. ग्लो. गरम पाण्याची पिशवी घेऊन शेजारी बसली होती, आमच्या ऑफिसातल्या साहेबांच्या नकला करत. हसलं की आणखी दुखायचं.
आईला सांगितलं: ट्रेनिंगला बाहेरचं खाल्लं, पोट बिघडलं. तिनं मऊ भात केला. जुलाब की उलट्या, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन्ही.
अ.चा मेसेज, कशी आहेस. ठीक, म्हटलं. निर्णय आम्ही दोघांनी घेतला, त्याबद्दल मनात काही नाही. फक्त घरी कळायला नको.

२४ जाने.
सकाळपासून रक्त वाढलं. डॉक्टरबाईंनी फोनवरच घाटकोपरच्या हॉस्पिटलात जायला सांगितलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीत थोडं राहिलेलं दिसलं. दिवसभर ठेवून साफ केलं, संध्याकाळी सोडलं. लोहाच्या गोळ्या, आराम. घरी सांगितलं, ऑफिसात ऑडिट.
तिथल्या डॉक्टर चांगल्या होत्या. "आमचं रजिस्टर कायद्यानं गुप्त असतं. तू सज्ञान आहेस, इथून घरी कोणी काही सांगणार नाही."
पण चूक त्याआधीच झाली होती. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, मेडिक्लेम आहे? मी म्हटलं, आहे. कोणी विचारलं की खरं सांगायचं, हे घरचं वळण. कार्डसुद्धा पाकिटातून काढून दिलं. ग्लो. रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून भांडून आत येईपर्यंत कॅशलेसची विनंती विमा कंपनीकडे गेलेली.
"येडी आहेस का गं? पॉलिसी कोणाची?"
"बाबांची."
"मग मेसेज कोणाला जाणार? वॉचमनला?"
तिनं लगेच रद्द करायला लावलं. बिल अ.नं भरलं. तरी गेलं ते गेलंच.

२७ जाने.
गच्चीवर जाऊन कंपनीला फोन. मुलगी फार नम्र. "विनंती रद्द झाली तरी नोंद राहते, मॅडम." नोंदीत आजार काय लिहिलाय? मेसेज गेला का? कोणत्या नंबरवर?
"सॉरी मॅडम, गोपनीयतेमुळे ही माहिती फक्त पॉलिसीधारकांना देता येते. त्यांना त्यांच्या नंबरवरून फोन करायला सांगा."
पोट माझं, गोपनीयता बाबांची. खाली आले तर आई म्हणाली, "गच्चीवर काय होतं?" कपडे बघायला गेले होते, म्हटलं. कपडे गॅलरीत वाळत होते.

२९ जाने.
लिहायला बरं वाटत नाही, पण केलं. बाबा आंघोळीला गेल्यावर त्यांचा फोन उघडला. ते मेसेज कधी पुसत नाहीत. गॅस सिलिंडरचे कधीकाळचे मेसेजही आहेत. विमा कंपनीचे होते: हप्ता मिळाला, दिवाळीच्या शुभेच्छा. शनिवारचा, हॉस्पिटलच्या दिवसाचा, नाही.
म्हणजे आलाच नाही? की आला आणि पुसला? फोनमधलं सगळं त्यांना मीच शिकवलंय. पुसायचं शिकवल्याचं आठवत नाही.
जेवताना नेहमीसारखे होते. की नेहमीपेक्षा जरा जास्तच नेहमीसारखे.

१ फेब्रु.
आईनं लाडू केले. थंडीत दरवर्षी करते, पण डिंकाचे. यंदा हळिवाचे. हळीव बाळंतिणीला देतात. मावशीच्या सुनेला डबा भरभरून गेले ते हेच.
"यंदा हळीव का गं?"
"डिंक चांगला मिळाला नाही." मग डबा माझ्यापुढे सरकवून, "आरशात बघ. पांढरीफट्ट पडलीयस. दोन खा, दुधाबरोबर."
पांढरी तर पडलेच आहे. हळिवानं रक्त भरतं हे कोणीही सांगेल. पण फडताळातल्या बरणीत डिंक आहे. मी पाहिला.
खाल्ले दोन. चांगले झालेत.

४ फेब्रु.
संध्याकाळी भाजी घेताना दळवीकाका भेटले. बाबांच्या गावचे, आमच्या सगळ्या पॉलिस्या त्यांच्या हातच्या.
"काय गो, किती बारीक झालंस! तब्येत बरी आसा ना?"
हे ते सगळ्यांनाच विचारतात. पण पुढे म्हणाले, "काय लागला तर माका सांग. बाबांका कशाक त्रास?"
कसला त्रास? एजंटला कंपनी काय काय कळवते? ग्लो.ला विचारलं. "अगं, तो माणूस पॉलिसी विकतो. जासूस आहे का तो?"
रविवारी घरी येणार आहेत. आमची पॉलिसी दुसऱ्या कंपनीत बदलायची म्हणतात. आत्ताच का?

६ फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत नव्या कंपनीचा अर्ज वाचला. घरातल्या प्रत्येकाचे वर्षभरातले उपचार विचारलेत. जुन्या कंपनीकडच्या नोंदीही मागवतात. लपवलं आणि नंतर सापडलं तर तिघांचीही पॉलिसी अडकेल. बाबांना साखर आहे, आईचा गुडघा. माझ्या खोटेपणापायी उद्या त्यांचं हॉस्पिटल अडलं तर...
आणि खरं सांगायचं तर हॉलमध्ये, दळवीकाकांसमोर.
ग्लो. म्हणाली, "रक्त थांबलं ना? आता डोकं थांबव." रक्त थांबलंय, ते लिहायचंच राहिलं होतं.

८ फेब्रु., रविवार
दळवीकाका आले. चहा, चकल्या. अर्ज टीपॉयवर.
"वहिनींचा गुडघा लिहिलंय. तुझी साखर लिहिलंय. लपवू नको रे काय."
बाबा हसले. "लपवून जाणार कुठे?"
"आणि हिचा? वर्षभरात काय ॲडमिट-बिडमिट?"
पेन कागदावर टेकलेलं. बाबा चष्मा पुसायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात, हातात फडकं.
मी म्हटलं, "काका, माझं नाव यात घालू नका. मी कमावते आता. माझी वेगळी काढते."
दळवीकाकांनी माझ्या रकान्यावर आडवी रेघ मारली. बाबा म्हणाले, "बरं. काढ." आईनं कप उचलले.
माझ्या अर्जातही हाच प्रश्न असेल. तिथे खरं लिहीन. वाचणारं माणूस निदान ओळखीचं नसेल.
पण आमच्या घरात नवा झाडू आणला तरी जुन्याला काय झालं, कुठून आणला, केवढ्याला, कशाला, सगळं होतं. आज मी बाबांच्या पॉलिसीतून नाव काढून घेतलं आणि तिघांपैकी एकानंही का म्हणून विचारलं नाही.