पांढऱ्या पट्टीचा पाहुणा

जुना मोंढा, जालना
१५ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप बुआंना रितिकाचा पाया पडून जय जिनेंद्र.

फुफाजींची कंबर आता कशी आहे? आयुषीचे पेपर संपले असतील. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहिण्याआधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. दादाजींचं मन आता रमलंय, ते दादीचा व्हिडिओ पाहत नाहीत, असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नाही. त्या दिवशी मोंढ्यात दिवसभर लाईट नव्हती आणि मी एका दिवसावरून निष्कर्ष काढला. ते रोज पाहतात. दुपारी सामायिकाचं ध्यान झालं की दुकानामागच्या खोलीत संगणकासमोर बसतात आणि आयुषीच्या आठ उपवासांच्या, अठाईच्या पारण्याला दादीनं म्हटलेलं स्तवन सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतात. (तुम्हाला रडू येऊ नये म्हणून मी खोटं लिहिलं, असं नव्हे. म्हणजे, थोडं त्यासाठीही लिहिलं होतं.)

हे पत्र हातानं लिहून घनसावंगीच्या जीपवाल्याकडे देतेय, यालाही कारण आहे. आमच्या संगणकावर काही टाईप करायचं म्हटलं की हल्ली मला पाठीमागे कोणी उभं आहे असं वाटतं. झालं असं, की दिवाळीच्या आधी, आयुषीनं इंटरनेटवर टाकलेल्या त्या व्हिडिओत मध्येच जाहिराती येऊ लागल्या. साबणाची आली तर दादाजी सोसायचे. पण एकदा दादी 'अरिहंत' म्हणायला आणि चिकन मसाल्याची जाहिरात लागायला एकच गाठ पडली. दादाजी डोळे मिटून उठले, हातपाय धुतले आणि पुन्हा सामायिकाला बसले. ते होईपर्यंत सूर्य मावळला, आणि सूर्य मावळल्यावर ते जेवत नाहीत. असं एका आठवड्यात बऱ्याचदा झालं. त्यांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला तेव्हा मला राहवेना.

जाहिराती अडवणारी छोटी जोडणी ब्राउझरला लावता येते हे मला माहीत होतं. शोधल्यावर पुष्कळ सापडल्या. बाकीच्यांची चिन्हं लाल, कुठे ढाल, कुठे उगारलेला हात. एकाचं नाव मात्र 'निर्विघ्न' आणि चिन्हावर तोंडाला पांढरी पट्टी बांधलेला शांत चेहरा. बुआ, मला ती मुहपत्ती वाटली. आपल्या महाराजसाहेबांसारखी. आता कळतं की जाहिरातीचं तोंड बांधलंय असं त्यांना दाखवायचं होतं, पण तेव्हा मी मनातल्या मनात वंदना करून 'जोडा' दाबलं. दादाजींना दाखवलं तर तेही खूश. म्हणाले, "बराबर हाय बेटा. साधुजी बसलेत, आता मधी कोणी बोलणार न्हाई." आणि खरंच कोणी बोललं नाही. दादाजी वेळेवर जेवू लागले. रोज बसले की आधी वरच्या कोपऱ्यातल्या त्या चिन्हाला हात जोडायचे.

मग साधुजींचे रंग दिसू लागले. पप्पा ढेपेचा भाव शोधायला गेले की पत्त्यांच्या जुगाराचं पान उघडायचं. (पप्पांच्या मागे त्या वेळी अंबडचं गिऱ्हाईक उभं होतं.) व्हिडिओ संगणकात उतरवून ठेवावा म्हणून मी एक बटण दाबलं, तर एका पानावरून एक बाई ओरडू लागली की तुमचा संगणक धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. दादाजी फोन शोधायला उठलेसुद्धा. शेवटी अर्पिताला बोलावलं. माझी मैत्रीण, हल्ली कॉलेजात संगणक शिकवते. तिनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. निर्विघ्न ज्यानं बनवलं त्यानं ते कधीच विकून टाकलंय, आणि विकत घेणारा कोण हे कुठेच लिहिलेलं नाही. दुसऱ्यांच्या जाहिराती अडवून हा स्वतःच्या घालतो आणि आपण काय काय उघडतो ते बघत बसतो.

"परवानगी वाचलीस का तरी?" तिनं विचारलं. मी दोनदा वाचली होती. 'तुम्ही उघडता त्या सर्व पानांवरची माहिती वाचणे व बदलणे.' मला वाटलं, पान वाचल्याशिवाय चिकन कुठे आहे हे त्याला कळणार कसं? अर्पिता म्हणाली, "अगं, चांगल्यालाही तीच परवानगी लागते. म्हणून तर ती कोणाला देतोय ते बघायचं असतं. तू चेहरा बघून दिलीस!" तिनं बँकेचे आणि बिलांचे पासवर्ड पप्पांच्या मोबाइलवरून बदलून घेतले. निर्विघ्न आजच काढ, दुसरी भरवशाची लावून देते, असंही म्हणाली. त्यावर पप्पा गरजले, "आता ह्या मशीनमध्ये नवीन काहीच घालायचं न्हाई, बिलकुल न्हाई! जाहिराती आल्या तर आल्या." ते संगणकावर बँक उघडत नाहीत आता, पण बाकी सगळा व्यवहार त्यावरच चालतो, आणि कोपऱ्यात तो तोंड बांधून बघत असतो.

त्याच दिवशी मी काढायला बसले. 'काढून टाका' दाबलं. संगणकानं विचारलं, 'तुम्हाला खात्री आहे का?' बुआ, दादी गेल्यापासून मला कसलीच खात्री नाही. मी 'नाही' दाबलं. दुसऱ्या दिवशी नुसतं बंद करून पाहिलं. तुम्हाला आठवत असेल, स्तवनाच्या मध्यात मागून दादाजींचा आवाज येतो, "चाय झाली का?" आणि दादी न थांबता हातानं गप्प करत म्हणते, "चाय मंग. आधी पूरं ऐका." जन्मभर त्यांनी तिला असंच मध्ये तोडलं. आता त्या जागी ते रोज पडद्याला सांगतात, "ऐकून राह्यलो." त्या दिवशी बरोबर तिथेच मसाला आला. दादाजी उठले आणि हात धुवायला गेले. त्या संध्याकाळीही ते जेवले नाहीत. मी निर्विघ्न पुन्हा चालू केलं.

दादीनं मला घरी बाराखडी शिकवली तेव्हाच पत्रही शिकवलं होतं. आधी सगळ्यांची तब्येत विचारायची, मागणं अगदी शेवटी, नाहीतर माणूस पुढचं वाचत नाही. म्हणून इथेच थांबते. फुफाजींना जय जिनेंद्र.

तुमची,
रितिका

ता. क. मागणं असं आहे. मूळ व्हिडिओ फक्त तुमच्या जुन्या निळ्या फोनमध्ये आहे. (आयुषीनं तो ज्या खात्यावर टाकला, त्याचा पासवर्ड तिला आठवत नाही.) दादी गेल्यापासून तुम्ही तो फोन चालू केलेला नाही, त्यात तिचे निरोप आहेत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही काही ऐकू नका. फोन फक्त चार्ज करून जीपवाल्याबरोबर पाठवा. मीही तेवढा व्हिडिओ संगणकात उतरवून घेईन, म्हणजे जाहिराती येणार नाहीत; दुसरं काही उघडणार नाही.

ता. क. दुसरा. वर आणखी एक चूक झाली आहे. दादाजी चिन्हाला हात जोडत नाहीत. काल मी शेजारी बसून नीट पाहिलं. चिन्ह दादीच्या डोक्याच्या जरा वर येतं, एवढंच.

ता. क. तिसरा. फोन आला तर फार बरं. नाही आला तर मी रोज दादाजींजवळ बसेन आणि जाहिरात लागली की आवाज बंद करून पडद्यावर हात धरेन. पण निर्विघ्न मी काढणार आहे, रविवारी, २३ नोव्हेंबरला, दादाजी सामायिकाला बसलेले असताना.