माप आतून

दि. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

दुकान मी विकणार नाही. तू विचारलेलं नाहीस, ठाऊक आहे, पण नऊ वर्षांनी भाचीचं पत्र आलं की माणसाने आधी तेच समजावं. जागा भाड्यानेही देणार नाही. हात अजून चालतात. कान गेले, ते चाळीस वर्षं सायलेन्सर ऐकून गेले, म्हणून फोन करू नकोस, लिहीत जा. हा विषय संपला.

आता तुझ्या गाडीचं. शर्यतीच्या संघात एकच जागा उरली आहे, तू आणि आणखी एक जण त्या जागेवर डोळा ठेवून आहात, आणि महिन्याअखेरीला डोंगरावरच्या सतरा वळणांच्या रस्त्यावर जो कमी वेळात वर पोचेल त्याला ती मिळणार. तू एकोणतीसची झालीस, या वेळी हुकली तर परत कोणी बोलावणार नाही. एवढं समजलं. आणि त्यासाठी इंजिनाला नवं हेडर कोणतं घालू, असं विचारतेस.

तुमचा मेकॅनिक पंचेचाळीस मिलिमीटरचा पाइप घाल म्हणतो आणि कॅटलॉगातला आलेख दाखवतो. कॅटलॉगातला आलेख वरच जातो. खाली जाणारा कोणी पैसे देऊन छापेल का? वर तो पाइप निळा-जांभळा. रंगाने गाडी पळत असती तर शर्यती रंगाऱ्यांनी जिंकल्या असत्या.

हेडर म्हणजे इंजिनाच्या चार तोंडांतून धूर काढून पुढे एकात आणणारे चार पाइप, त्यात मोठं शास्त्र नाही. अरुंद गल्लीतून माणूस जोरात पळाला की त्याच्यामागे वारा ओढला जातो, कागद उडतात. तोच मैदानात पळाला तर पानही हलत नाही. पाइपात एका धुराने मागच्या धुराला असंच ओढायचं असतं. वळणावर तुझं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर येणार, धूर थोडा. त्याला पंचेचाळीसचं मैदान दिलंस तर तो लोळत बाहेर पडेल, आणि गाडी जागी होईपर्यंत पुढचं वळण येईल. तेव्हा आतून ३५. चारांचे आधी दोन, मग दोनांचा एक. चारांचा थेट एक केला की नुसता सरळ रस्त्याचा थाट. चारही पाइप लांबीला सारखे.

आता खरं बोल. पत्राच्या शेवटी तू हळूच सोडून दिलंस, की ३९ कसा राहील. ३९चा पाइप कुठल्या दुकानात मिळतो? बाजारात ३८ आहे, ४२ आहे, ४५ आहे, कारण विकणारा बाहेरून मोजतो. ४२ला दोन्ही बाजूंनी दीड-दीड भिंत वजा केली की आतून ३९. धूर आतून जातो म्हणून माप आतून घ्यायचं, ही आमच्या दुकानाची खोड. ती खोड असलेली माणसं जगात दोन. एक मी. दुसरा माझा धाकटा भाऊ, त्याने बावीस वर्षं माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि तो तुझा बाप आहे. तेव्हा या पत्रामागे कोण बसलंय ते कळव. मला पडद्याआडचे खेळ आवडत नाहीत.

लोभ होता तेवढा आहे.

तुझी आत्या

दि. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

दुकान तुला लखलाभ. ते नीट झाडायलाच दोन माणसं लागतील.

पकडलंस. ३९ बाबांचंच. पण त्यांनी मला बसवलं नाही, मी त्यांना गाठलं. मेकॅनिकचा कॅटलॉग मी जेवणाच्या टेबलावर विसरले होते. सकाळी पाहते तर समासात पेन्सिलने ३९ लिहिलेलं. ज्या माणसाने मला आठवतंय तेव्हापासून गाडीचं बॉनेट उघडलेलं नाही, दिवसभर कचेरीच्या खिडकीमागे बसून लोकांच्या अर्जांवर शिक्के मारले, त्याचं अक्षर. विचारलं तर हात धुवायला निघून गेले. मग मी तुला लिहिलं.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ३५ ऐकलं आणि त्यांनी कप खाली ठेवला. मग इतक्या वर्षांत जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सपाट ट्रॅकवर त्यांची शर्यत होती, तू हेडर करून दिलं होतंस. त्यांनी ३९ सांगितलं होतं, तू मान हलवली होतीस. बहिणीचं काम कोणी मोजून घेतं का, म्हणून मोजलं नाही. सरळ रस्त्यावर गाडी अशी दमली की सहा जण पुढे निघून गेले. महिन्याने त्यांनी व्हर्नियर लावला तेव्हा आतून ३५ निघालं. त्यांचं म्हणणं, ताईला शर्यतवाला भाऊ नको होता, दुकानात वेल्डर हवा होता. म्हणून त्यांनी गाडी सोडली आणि दुकानही सोडलं.

आता म्हणतात, ताई तोच आकडा तुला सांगते आहे. एकदा झालं तर चूक, दुसऱ्यांदा झालं तर सवय.

आत्या, मी आडपडदा ठेवत नाही. तुझी गल्लीची गोष्ट मला पटली आहे. पण पटवायला ती तितकी चांगली आहे म्हणूनच मला झोप नाही. तू मला पण गुदमरवते आहेस का?

रागावलीस तर रागाचं का होईना, पत्र पाठव.

तुझी भिंगरी

दि. १३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

३५ होतं. चुकून नाही, मुद्दाम केलं. मापात चुकायला मी कॅटलॉग नाही. तुझ्या बापाला सांग की त्याचा व्हर्नियर बरोबर होता.

सपाट रस्त्यावर इंजिन सतत वर ओरडत असतं, तिथे ३५ म्हणजे तोंडावर दाबलेली उशी. वळणांवर तेच इंजिन वरखाली होतं, तिथे ३५ लागतोच. आकडा तोच, रस्ता वेगळा. हे त्यालाही कळतं. राग बाजूला ठेवला तर.

तुला शंका आली ते बरं झालं. माझ्या बाबतीत मीही घेतली असती. विश्वास ठेव म्हणून मी कोणाच्या मागे लागत नाही, तो माल मी विकत नाही. दोन हेडर केली आहेत. एक आतून ३५, एक ३९. लाकडी खोक्यात घालून ट्रकने पाठवते. इंजिन आणि हेडर यांच्या जोडात बसवायची गॅस्केट दोन जास्तीची घातली आहेत, जुनी उलटी करून वापरायची काटकसर करू नकोस. पंचेचाळीसचं केलेलं नाही, तुमच्या मेकॅनिकसाठी मी पत्रा वाया घालवत नाही.

चाचणीच्या आधी एका दिवशी रस्ता मोकळा मिळव. तेच टायर, तेवढंच पेट्रोल. एकावर तीनदा वर जा, मग दुसऱ्यावर तीनदा. वेळ तुझ्या बापाला मोजू दे. पण घड्याळं दोन घ्या, एक त्याच्या हातात आणि एक परक्याच्या. रागात अंगठा उशिरा दाबला जातो. जे कमी येईल ते घाल. घड्याळ माझ्या नात्यातलं नाही.

मेकॅनिकला हेडरवर बसू देऊ नकोस, आणि तुझ्या बापालाही.

लोभ आहे, पण त्याच्या जोरावर पाइप घेऊ नये.

तुझी आत्या

दि. १८ फेब्रुवारी

ताईस नमस्कार. लोभाचं नंतर बघू.

खोकं मिळालं. दोन्ही हेडर मी मोजली. बारीक आतून ३५, जाड आतून ३९. लांबी दोऱ्याने मोजली, चारही पाइपांत एका मिलिमीटरचाही फरक नाही. एवढं बिनचूक काम तू पूर्वी करत नव्हतीस, म्हणून संशय येतो.

जाड हेडरमध्ये जिथे दोनांचा एक होतो तिथे बाहेरून एक जादा शिवण दिसते. आत एखादी चकती बसवून वाट अरुंद केली असेल तर आत्ताच सांग. बल्ब घालून पाहिलं, वाकणामुळे दिसत नाही. तार घातली, ती अडकली. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुझ्या हाताचा मला अनुभव आहे.

उत्तर मला पाठव, तिला नको. ती तुझ्या बाजूने झुकलेली आहे.

तुझा भाऊ

दि. २१ फेब्रुवारी

चि. साहेबांस आशीर्वाद.

तार अडकली कारण ती तू सरळ घातलीस. वाकणाला वाक देऊन घालायची असते, हे तुला मी शिकवलं होतं. शिक्के मारून विसरलास.

शिवण जादा आहे कारण पहिली मला पसंत पडली नाही. वय झालं की हात हलतो. आत काही नाही. खात्री हवी तर कापून बघ. कापलंस तर परत जोडायला इकडेच यावं लागेल, एवढं लक्षात ठेव.

उत्तर तुला पाठवलं. नक्कल तिलाही पाठवली आहे.

ताई

दि. १ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

जागा मिळाली. आठ दशांश सेकंदाने. आधी हेच लिहायचं होतं, आता श्वास घेते.

बाबांनी हेडर कापलं नाही. वाकवलेली तार घातली, ती सरळ आरपार गेली. त्यानंतर आम्ही तू सांगितलंस तसंच केलं. दोन घड्याळं, एक बाबांकडे, एक रस्त्याच्या पहारेकऱ्याकडे. जाड हेडरवर तीन फेऱ्या, सगळ्यांत चांगली तीन मिनिटं चव्वेचाळीस. हेडर थंड होईपर्यंत थांबलो, बदललं, मग बारीक. तीन एकेचाळीस. बाबांनी पहारेकऱ्याचं घड्याळ मागून घेतलं, कानाला लावलं, परत दिलं आणि मला पुन्हा वर पाठवलं. तीन एकेचाळीसच. मेकॅनिक म्हणाला हवा थंड होती. बाबा त्याला म्हणाले की हवा दोन्ही वेळेला एकच होती आणि तो गप्प बसला तर आणखी थंड होईल. मी त्यांना इतकं मोठं वाक्य परक्या माणसाशी बोलताना पहिल्यांदा पाहिलं.

चाचणीच्या दिवशी ते अकराव्या वळणावर उभे होते. तिथून गाडी कशी निघते ते ऐकायचं होतं म्हणे. घरी येताना गाडीत म्हणाले की ताईला माहीत होतं. हिला वेगवान करायला ३५ आणि मला थांबवायला ३५, दोन्ही वेळेला तिला नेमकं माहीत होतं. मग त्यांनी त्यांच्या शर्यतीतल्या जोडीदाराचं सांगितलं. बाबांच्या त्या शर्यतीच्या आदल्या वर्षी तो त्याच ट्रॅकवर, सरळ रस्त्याच्या टोकाला, भिंतीवर गेला आणि वाचला नाही. त्याच्या गाडीचं हेडर तू केलं होतंस आणि त्या दिवशी त्याची गाडी सगळ्यांत वेगवान होती. बाबा म्हणतात, हे दोन धागे त्यांनी बावीस वर्षांत कधी एकत्र धरलेच नाहीत. दुकान, वेल्डर, पगार, याच हिशेबात राहिले.

त्यांनी मला विचारायला सांगितलं आहे. ताईने माझं माप कमी केलं ते त्या भिंतीमुळे का? ते स्वतः लिहिणार होते, दोन कागद फाडले.

आणि माझी एक अडचण. संघाची पहिली शर्यत जूनमध्ये आहे आणि ती त्याच सपाट ट्रॅकवर. भिंतीपुढे आता टायर रचलेले आहेत, पण रस्ता तोच. तिथे ३५ चालणार नाही हे मलाही कळतं. बाबा आकडा सांगत नाहीत. म्हणतात, ताईला विचार, ती सांगेल ते घाल, आणि या वेळी मी मोजणार नाही. तेव्हा विचारते. तिथे काय घालू?

लोभाचं तूच ठरव, माझ्याकडून तो भरपूर आहे.

तुझी भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

आतून ३९. तुझ्याकडे जे जाड हेडर आहे ते त्या ट्रॅकला चालणार नाही, त्याची लांबी वळणांच्या हिशेबाने आहे. नवं करते आहे, चारांचा थेट एक, मागचा पाइप आतून ६०. दोन पाइप वाकवून झाले, दोन राहिलेत. मेअखेर पाठवते. तुझ्या बापाला म्हणावं, मोजायचं. न मोजता घेणं हा मोठेपणा नाही, आळस आहे.

ब्रेकचे पॅड चारही नवे घालायचे. अर्धे झिजलेले दाखवून अजून चालतील म्हणायचं नाही. ब्रेकचं तेल बदलायचं. सीटचे पट्टे कुठल्या साली शिवलेत ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं, वाचायचं, आणि पाच वर्षांच्या वरचे असतील तर संघाला नवे मागायचे, देत नसतील तर बसायचं नाही. सरळ रस्त्याच्या टोकाला दुसरे लोक कुठे ब्रेक मारतात ते बघून त्यांच्या आधी मारायचा. पहिली शर्यत जिंकायची नसते. हे मी तुला पाइपाबरोबर फुकट सांगते आहे, एरवी कोणाला सांगत नाही.

तुझ्या बापाला सांग, दुकानाला कुलूप नसतं. लिहायला जमत नसेल तर यावं. समोर बसून मोठ्याने बोललं तर मला थोडं ऐकू येतं. कामाचं बोलावं.

त्याने विचारायला सांगितलं ते मी वाचलं. दोनदा वाचलं. पाइपाचं विचारलंस, पाइपाचं सांगितलं. त्या दुसऱ्या गोष्टीवर मी काही सांगणार नाही, त्यालाही नाही, तुलाही नाही.

तुझी आत्या