समोरच्या स्टँडमधला बूट

दादा,

हे पत्र फाडणारच आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. काल तुला पाहिलं. समोरच्या स्टँडमध्ये, तुझ्या नव्या शहराच्या बास्केटबॉल टीमचा निळा शर्ट घालून मिरवत होतास!

आपली टीम जिंकणं विसरली आहे, हे मलाही दिसतं. सेंटर लंगडतो, कोचचा चेहरा सदा एरंडेल प्यायल्यासारखा. तरी आई गुडघ्यांना पट्टे बांधून प्रत्येक मॅचला येते. हरणाऱ्यांना सोडून जायचं असतं, तर तिने तुला दहावीच्या निकालालाच सोडलं असतं.

शेवटी आपण एका पॉइंटने पुढे होतो आणि तुमच्या माणसाला दोन फ्री थ्रो मिळाले. आईने नेहमीसारखी चप्पल काढली आणि त्याचा नेम चुकावा म्हणून खुर्चीवर बडवायला लागली. मीही बडवली. बघते तर काय, समोर निळ्या शर्टात तूही हातात बूट घेऊन बडवतोयस! स्वतःच्याच टीमविरुद्ध! शेजारचे आ वासून तुझ्याकडे बघत होते.

त्याने दोन्ही टाकले. आपण हरलो.

आई मात्र खुशीत. ‘शर्ट कुठलाही घालू दे, आपलाच आहे तो,’ म्हणाली आणि दाराशी उभी राहिली. हॉल रिकामा झाला. तू मागच्या दाराने कधीच सटकला होतास. चोर कुठला!

दिवे बंद करायला आलेल्या माणसाला ती म्हणाली, ‘जरा थांबा हो, माझा मुलगा बूट घालतोय.’

– धाकटी